तीस मिलिमीटर बसवाव्यात

विजया मॅडम,

तुमच्या शोकसभेत एका गृहस्थांनी तुम्हाला वात्सल्यमूर्ती म्हटलं. मी मागे बसलो होतो, तरी मला तुमच्या फोटोकडे बघवेना. हेच गृहस्थ गुडघा धरून दवाखान्यात यायचे, सांगितलेला व्यायाम करायचे नाहीत, आणि ‘काही फरक नाही हो’ म्हणून तोंड पाडायचे. तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं होतंत, “गुडघा तुमचा आहे, काका. मी भाड्याने घेतलेला नाही.” सभेत त्यांना ते आठवलं नाही. मग एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, मॅडमनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही. लोक माना हलवत होते. पंचवटीत तुम्ही ज्यांना दुखावलं नाही अशी माणसं शोधली असती, तर त्या हॉलच्या चार खुर्च्या भरल्या नसत्या. माणूस गेला की त्याचं खरं बोलायला लोक घाबरतात आणि त्या भित्रेपणाला आदर म्हणतात.

मलाही बोलायला उभं केलं. मी म्हणालो, मॅडमचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि खाली बसलो. वाक्य खरं होतं. पण शेवटच्या रांगेत निवृत्ती मिस्त्री बसले होते, धुतलेला पांढरा शर्ट घालून. त्यांच्यादेखत मी तेवढंच बोललो. त्या हॉलमधला सगळ्यात भित्रा माणूस मीच होतो.

तुमचे भाचे सुहासदादा तुमच्या नावाने स्मरणिका काढत आहेत. ती तुमच्या सगळ्या पेशंटना वाटणार आहेत. मला म्हणाले, “तूही लिही, चार गोड आठवणी.” मॅडम, मला दुसरंच लिहायचं आहे. द्वारका चौकात गॅरेज चालवणाऱ्या या मिस्त्रींचं नाव तुम्ही गावभर घालवलंत. तुम्हाला जे माहीत होतं त्यावरून तुम्ही ते केलंत. जे तुम्हाला माहीत नव्हतं ते मी लिहिणार आहे. मला नीट लिहिता येईल की नाही कळत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला होतो. वडील घोटीला भाताच्या गिरणीत पोती वाहतात, त्यांची कंबर धरली होती. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. त्यामुळे बँक असो, तहसील असो की दवाखाना, घरचे मला पुढे करतात आणि स्वतः मागे उभे राहतात. तुम्ही वडिलांना टेबलावर पालथं झोपवलंत आणि त्यांच्या कमरेवर अंगठा ठेवून मला विचारलंत,

“काय शिकतोस?”

“मेकॅनिकल इंजिनिअरिंग.”

“स्प्रिंग किती कडक आहे ते काढता येतं?”

“येतं.”

“हाताने की कागदावर?”

“कागदावर.”

“बरं. निदान थाप मारली नाहीस.” मग वडिलांना म्हणालात, “काका, तुमचा मुलगा कागदावरचा इंजिनिअर आहे.”

वडील उशीत तोंड खुपसून म्हणाले, “बाई, आमच्यात कागदावरचा बी त्योच येक हाय.”

तुम्ही हसलात. तुम्हाला हसवणं सोपं नव्हतं हे मला नंतर कळलं.

दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुमची गाडी होती. जपानी, दोन दारांची, गडद लाल. देवळालीच्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांकडून तुम्ही ती घेतली होती. शेजारच्या काकू म्हणायच्या, “बाईंनी नवरा नाही केला, गाडी केली.” त्यावर तुम्ही गच्चीवरून उत्तर दिलं होतंत, “हो, आणि हिला सकाळी चहा लागत नाही.”

त्या दिवशी तुम्ही मला शेडमध्ये नेलंत आणि सांगितलंत की गाडी खाली घ्यायची आहे, पण बसणाऱ्याला त्रास वाढता कामा नये. मला वाटलं, हौस असेल. पन्नाशीच्या बाईची श्रीमंत हौस. खरं सांगतो, मला थोडी घृणाच वाटली. माझ्या वडिलांना गिरणीतून घरी यायला सायकल होती आणि तिचं सीट फाटलेलं होतं.

मग तुम्ही कारण सांगितलंत. तुमच्या स्वतःच्या मणक्यातल्या दोन चकत्या झिजल्या होत्या. दिवसभर दुसऱ्यांच्या कमरा सरळ करणाऱ्या बाईला डॉक्टरांनी गाडी सोडा म्हणून सांगितलं होतं. “खड्डा लागतो तो एकदाच लागतो,” तुम्ही म्हणालात. “पण वळणावर गाडी कलते ना, तेव्हा सगळा वेळ कंबर आवळून बसावं लागतं. कसाऱ्याचा घाट चढून आले की दोन दिवस मला मोजा घालता येत नाही. गाडी खाली आली तर कलणार कमी. पण कडक करून दिली तर खड्डे मारतील. दोन्हीच्या मधलं काढून दे. नाहीतर पुढच्या वर्षी ही गाडी विकायची.”

म्हणजे हौस नव्हती. तुम्हाला अजून थोडे दिवस स्वतः गाडी चालवायची होती.

मी हो म्हणालो. तुमच्याइतक्या स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

त्यानंतर आपण स्प्रिंगा शोधत हिंडलो. मला ते दिवस फार आवडतात, आणि त्या दिवसांत भेटलेली बहुतेक माणसं अजिबात आवडत नाहीत. कॉलेज रोडवर गाड्यांच्या सजावटीचं एक दुकान होतं. तिथल्या मालकाने काचेच्या कपाटातून लाल रंग दिलेल्या स्प्रिंगा काढल्या आणि टेबलावर देवासारख्या मांडल्या.

“साठ मिलिमीटर खाली येईल, मॅडम. टायर आणि मडगार्डमध्ये बोट जाणार नाही.”

“मग खड्ड्यात चाक वर कुठं जाणार?” तुम्ही विचारलंत.

“लूक बघा ना, मॅडम.”

“मी गाडीत बसणार आहे. लूक बाहेरच्याला दिसतो.”

त्याला कळलं नाही. त्याने मला विचारलं, “भाऊ, मॅडमना समजावा ना.” बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, “याच्या डोक्यातही बोट जाणार नाही.”

मग माझ्या कॉलेजातली मुलं. त्यांचा एक ओळखीचा होता, जो गॅसने स्प्रिंगचा दीड वेढा कापून द्यायचा. त्यांनी स्वतःची गाडी तशीच केली होती. ती गाडी सिग्नलला उभी राहिली की पोरं बघायची, आणि चालू लागली की आतली पोरं एकमेकांच्या डोक्यावर आपटायची. प्रत्येक गतिरोधकावर तिरकी करून, पोट वाचवत न्यायची. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की वेढा कमी केला की स्प्रिंग आखूडही होते आणि कडकही, शिवाय कापलेलं टोक आपल्या जागेवर नीट टेकत नाही. ते म्हणाले, “तू आधी गाडी घे, मग शिकव.” मी ते तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही म्हणालात, “आख्खं नाशिक कंबर धरून माझ्या दारात येतं ते नाइलाजाने. ही पोरं हौसेने येणार आहेत. येऊ देत. टेबल मोकळं आहे.”

मी सायबर कॅफेत बसून परदेशातली माहिती छापून आणायचो. तिकडचे लोक पानंच्या पानं आरामाबद्दल लिहायचे. तुम्ही फोटो बघून म्हणालात, “यांच्याकडे गटाराची झाकणं रस्त्याच्या वर येत नाहीत वाटतं.” आणि कागद पाठकोरे म्हणून पेशंटच्या नोंदींसाठी ठेवून दिलेत.

पण त्या कागदांतून, माझ्या पुस्तकातून आणि तुमच्या कमरेतून मिळून आपल्याला हळूहळू गोष्ट समजली. गाडी जितकी खाली आणाल तितकी चाकाला वर यायला जागा कमी. जागा कमी झाली की स्प्रिंग थोडी कडक हवीच, नाहीतर ती तळाला आपटते, आणि तो दणका सगळ्यात वाईट. म्हणून फार खाली जायचंच नाही. स्प्रिंगचे वरचे वेढे जवळजवळ ठेवायचे म्हणजे लहान खड्ड्यांना ती मऊ राहते, आणि वळणावर दाबली गेली की ते वेढे एकमेकांवर टेकून ती कडक होते. शॉकअप तिला साजेसे हवेत, जुने थकलेले नकोत. तुम्हाला चाळीस मिलिमीटर हवं होतं, मला वीस. तीसवर मिटलं. तुम्ही म्हणालात, “भाजीवालीसारखी घासाघीस करतोस.” मी म्हणालो, “भाजीवाली आमची मावशी आहे, मॅडम.” तुम्ही म्हणालात, “मग तिच्याकडून शीक. ती माझ्याशी तीसवर आली नसती.”

वजन किती आहे ते कळल्याशिवाय हिशेब होणार नव्हता. म्हणून आपण गाडी मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर नेली, टोमॅटोच्या टेम्पोंच्या रांगेत. आधी पुढची चाकं, मग मागची. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, “माल काय?”

“मी,” तुम्ही म्हणालात.

त्याने पावतीवर ‘इतर’ लिहिलं. ती पावती तुम्ही दवाखान्यात काचेखाली लावलीत.

एक भांडण मात्र अर्धं राहिलं. अंबडच्या एका छोट्या कारखान्यात आपल्या मापाच्या स्प्रिंगा करायला टाकल्या, त्या दिवशी परत येताना तुम्ही म्हणालात, “आराम म्हणजे मऊपणा नव्हे. कापसाच्या गाद्यांवर लोळून कंबर घालवलेली माणसं मी रोज बघते. मी स्वतः सतरंजीवर झोपते.”

मी म्हणालो, “माझे वडील जन्मभर जमिनीवर झोपले, मॅडम. त्यांची कंबर का गेली?”

“पोत्यांनी गेली. जमिनीने नाही.”

“पण रात्री तरी तिला मऊ मिळायला नको होतं का?”

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. गाडी चालवत राहिलात. मला वाटलं, मी जिंकलो. नंतर वाटलं, तुम्हाला उत्तर माहीत होतं आणि ते माझ्यासमोर बोलवलं नाही. आता ते कधीच कळणार नाही. ज्यांना गादी निवडता येते त्यांनी सतरंजीचं कौतुक करावं, याचा मला अजून राग येतो. आणि त्याच महिन्यात तुम्ही वडिलांसाठी एक काथ्याची गादी घोटीच्या टेम्पोत घालून पाठवलीत, एका शब्दाने न सांगता, हेही मला विसरता येत नाही.

आता चिठ्ठीचं सांगतो.

स्प्रिंगा तयार झाल्या तेव्हा तुम्ही दोन दिवस मुंबईला होतात. जाताना म्हणालात, “स्प्रिंगा आण आणि निवृत्ती मिस्त्रीकडे देऊन ये. गाडी त्याच्याकडे उभी आहे. नीट सांगून ये.” मी द्वारकेला गेलो तेव्हा मिस्त्री जेवायला गेले होते. मला चारला प्रॅक्टिकल होतं. मी जर्नलचं एक पान फाडलं आणि चिठ्ठी लिहिली.

आधी मी लिहिलं होतं, ‘फिट कराव्यात’. मग ते खोडलं. त्याला कारण होतं. पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत माझ्या इंग्रजीला बाहेरून आलेले परीक्षक हसले होते आणि वर्गातली मुलं महिनाभर माझं वाक्य मला म्हणून दाखवत होती. तेव्हा मी ठरवलं होतं की बोलीन तर पूर्ण इंग्रजी, नाहीतर पूर्ण मराठी. धेडगुजरी बोलायचं नाही. इंग्रजी काही जमलं नाही. मग मराठीत मी फार शुद्ध झालो. म्हणून दुसरं पान घेतलं आणि वळणदार अक्षरात पुन्हा लिहिलं :

‘सोबतच्या चारही स्प्रिंगा तीस मिलिमीटर खाली बसवाव्यात.’

खाली सही केली, आणि सहीखाली लिहिलं, ‘बी. ई. मेकॅनिकल, तृतीय वर्ष’.

मला म्हणायचं होतं, या स्प्रिंगा गाडीत घाला, गाडी तीस मिलिमीटर खाली येईल. पण गॅरेजमध्ये स्प्रिंग ‘बसली’ म्हणजे तिची उंची गेली, ती दबून मेली. स्प्रिंग ‘बसवणे’ म्हणजे गॅसने लाल करून, दाबून, तिला मुद्दाम तेवढी मारणे. नवी स्प्रिंग गाडीत घालायची असेल तर मिस्त्री ‘टाकू’ म्हणतात किंवा ‘चढवू’. हे नाशिकच्या कुठल्याही गॅरेजमध्ये चहा पिणाऱ्याला माहीत आहे. मला माहीत नव्हतं, कारण मी पुस्तकातून शिकत होतो, आणि मराठीही पुस्तकातलीच लिहीत होतो.

मिस्त्रींनी चिठ्ठीत लिहिलं होतं तेच केलं. आधीच आखूड केलेल्या स्प्रिंगा त्यांनी गॅसने तापवून आणखी तीस मिलिमीटर बसवल्या आणि चढवल्या.

तुम्ही परत आलात तेव्हा गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसत होती. माझी कॉलेजातली मुलं म्हणाली, “आता दिसतेय गाडी.” त्यावरूनच मला शंका यायला हवी होती. तुम्ही ती घेऊन त्र्यंबक रस्त्याला गेलात. तापवलेल्या स्प्रिंगांत जीव उरला नव्हता. एका गतिरोधकावर गाडी अशी आपटली की तुम्हाला तिथून दोन माणसांनी उचलून आणावं लागलं. तुम्ही तीन आठवडे पाठीवर पडून होतात. तुमचे पेशंट दारातून परत जात होते.

उठता आलं त्या दिवशी पहिलं काम म्हणून तुम्ही मला घेऊन गॅरेजमध्ये गेलात. काठी टेकून उभ्या राहिलात. चार गिऱ्हाइकं होती.

“तू मिस्त्री नाहीस,” तुम्ही म्हणालात. “लोहारही नाहीस. लोहाराला निदान लोखंड कळतं.”

निवृत्ती मिस्त्री हात पुसत पुढे आले. “मॅडम, चिठ्ठीत लिव्हलं व्हतं तसंच केलंय मी.”

“चिठ्ठीवर ढकलू नकोस. हा मुलगा तीन महिने या स्प्रिंगांवर बसलाय. इंजिनिअर आहे. काय लिहायचं ते त्याला कळतं.” मग तुम्ही माझ्याकडे वळलात. “काय रे, काय लिहिलं होतंस?”

मॅडम, मला त्या क्षणापर्यंत खरंच ठाऊक नव्हतं. पण भिंतीशी टेकवून ठेवलेल्या त्या काळ्या पडलेल्या स्प्रिंगा मी पाहिल्या, मिस्त्रींचं तोंड पाहिलं, आणि मला सगळं समजलं. दोन शब्दांत सांगता आलं असतं. तुम्ही मला ठोंब्या म्हणाला असतात, अजून काय काय म्हणाला असतात. पण तुम्ही नुकतंच चार माणसांसमोर मला इंजिनिअर म्हणाला होतात. माझ्या आयुष्यात तोवर कुणी म्हटलं नव्हतं. तेही तुम्ही, ज्यांनी कधी कुणाला उगाच चांगलं म्हटलं नाही.

मी म्हणालो, “बसवायला सांगितलं होतं.”

खोटं एक अक्षर नव्हतं. तोच शब्द मी पुन्हा वापरला, आणि या वेळी तो मला पूर्ण समजलेला होता. माझ्याबद्दल मला जी किळस आहे ती पहिल्या वेळची नाही. ती या दुसऱ्या वेळची आहे.

तुम्ही मिस्त्रींना म्हणालात, “ऐकलंस?” त्यांनी खाली बघितलं आणि फडक्याने पुन्हा हात पुसले.

त्यानंतर तुमच्या टेबलावर पालथ्या झोपलेल्या प्रत्येक माणसाला तुम्ही सांगितलंत, द्वारकेच्या निवृत्तीकडे गाडी नेऊ नका, तो स्प्रिंगा जाळतो. तुमच्या शब्दाला वजन होतं, कारण तुम्ही कधी उगाच कुणाची स्तुती केली नाहीत. लोकांनी गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. मी ते बघत होतो. मी दर रविवारी दवाखान्यात येऊन तुमच्या नोंदी लिहून द्यायचो आणि तुमच्या तोंडून हे ऐकायचो. एकदाही मान वर केली नाही.

अंबडहून दुसऱ्या स्प्रिंगा आल्या. त्या तुम्ही सातपूरला एकाकडे चढवून घेतल्यात. त्या जमल्या. तुम्ही मला बाजूला बसवून घोटीला घेऊन आलात, पुढे इगतपुरीवरून घाट उतरून पुन्हा वर चढलात. वळणावर गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. खड्डे कळत होते, पण लागत नव्हते. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून उतरलात, वाकलात आणि सँडलचा पट्टा स्वतःच्या हाताने लावलात. मग म्हणालात, “ठीक आहे.” तुमच्याकडून एवढं मिळायला लोकांची वर्षं जातात.

आमच्या घरी वडिलांना तुम्ही गाडीत बसवलंत. त्यांनी आधी एक पाय घातला, मग डोकं, मग अडकले.

“बाई, हिच्यात बसायचं का लोळायचं?”

“लोळा, काका.”

एक चक्कर मारून आल्यावर ते बाहेर निघेनात. मला वाटलं कंबर धरली. तर म्हणाले, “थांब जरा. आजवर कुटं बी बसलो तर कंबर आधी टेकवाया लागती. हिनं आपसूक धरलीया. लय ग्वाड वाटतंय.”

तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, “याने केलंय.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मॅडम, तिथे तरी मी सांगायला हवं होतं. रस्त्यात परत येताना सांगायला हवं होतं. त्यानंतर तुम्ही दीड वर्ष जगलात, मजेत गाडी चालवलीत, माझी फी भरायची वेळ आली तेव्हा कॉलेजात जाऊन क्लार्कला झापलंत, मला चार पुस्तकं आणून दिलीत आणि ‘वाच, नुसती कव्हरं घालू नकोस’ म्हणालात. मला दर रविवारी संधी होती. मी प्रत्येक रविवारी ठरवायचो आणि प्रत्येक रविवारी नोंदी लिहून घरी जायचो.

लोकांची दुकानदारी, पोरांची दिखाऊ गाडी, सभेतली गुळगुळीत भाषणं, यांना नावं ठेवायला मी तुमच्याकडूनच शिकलो. तुम्ही ज्यांना तुच्छ मानायचात त्यांना मीही मानू लागलो, आणि ते सोपं होतं. पण कॉलेज रोडवरच्या त्या दुकानदाराने निदान त्याला हवं ते समोर मांडलं होतं. मी लपवलं होतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी द्वारकेला गेलो. मिस्त्री एका रिक्षाखाली होते. मी उभा राहिलो. ते बाहेर आले, लाकडी फळीवर बसले आणि मला बसायला डबा सरकवला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

ते म्हणाले, “ते मला त्याच दिशी कळलं व्हतं.”

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत?”

“बोललो की. चिठ्ठीत लिव्हलंय म्हणलो व्हतो. तू नाय बोलला.”

मी डब्यावर बसलो. मग तेच म्हणाले, “माझं बी चुकलं. नवी स्प्रिंग जुनीपरीस आखूडच व्हती. म्हणलं, हिला अजून तीस कशापायी बसवायची? इचारावं वाटलं. पण येवढं देखणं अक्षर, खाली सही, बी. ई. का काय. म्हणलं, शिकलेल्या मान्साला इचारलं तर हसंल.”

“मी हसलो नसतो, मिस्त्री.”

“आता म्हणतोस.”

मग त्यांनी विचारलं, मॅडमना शेवटी त्रास झाला का. मी म्हणालो, नाही, झोपेतच गेल्या. ते म्हणाले, “गाडी चांगली चालवायची बाई. माझ्या गॅरेजवरनं जाताना गेर टाकायची तवा कळायचं. मी काम थांबवून आयकायचो.” आणि नंतर, रिक्षाकडे बघत, “तिला सांगायला पायजे व्हतं तू. मला सांगून काय उपेग? ती गेली तवा बी तिच्या ध्यानात मीच स्प्रिंगा जाळनारा व्हतो.”

मी त्यांना स्मरणिकेचं सांगितलं. म्हणालो, त्यात लिहितो, सगळ्या पेशंटकडे जाणार आहे. त्यांनी विचार केला. म्हणाले, “लिव्ह. माझं नाव घालून लिव्ह. पर बाईला वाईट लिहू नको. तिला जे दावलं ते तिनं बघितलं.”

सुहासदादांना हा लेख आवडणार नाही. ते म्हणतील, स्मरणिकेत हे कशाला. त्यांनी छापला नाही तर मी स्वतः छापून दवाखान्याच्या दारात उभा राहून वाटीन. तुमच्याकडे येणाऱ्या ज्या ज्या माणसाने तुमचं ऐकून त्या गॅरेजकडे पाठ फिरवली, त्याने हे वाचावं : निवृत्ती मिस्त्रींनी स्प्रिंगा जाळल्या नाहीत. एका मुलाने त्यांना जे लिहून दिलं ते त्यांनी केलं, आणि त्या मुलाने नंतर तोंड उघडलं नाही. तो मुलगा मी.

मॅडम, तुम्ही माणसांना तुच्छ लेखायचात. लोक त्याबद्दल तुमच्या पाठीमागे बोलायचे. पण मी दोन वर्षं जवळून पाहिलं, तुमचं बोलणं कधी वाया गेलं नाही. ज्याला लागायला हवं त्यालाच लागायचं, आणि बहुतेकांना ते लागल्यावर त्यांची कंबर सरळ व्हायची. एकदाच ते भलत्या माणसावर पडलं, कारण ज्याच्यावर पडायचं तो बाजूला सरकला होता.

आता मी जागेवर येऊन उभा राहिलो आहे. आणि बोलायला तुम्ही नाही आहात.